जिवंत माशाचा पंचनामा करा

मासा मेला की बातमी होते. पांढरी पोटं वर करून शेकडो मासे काठाला लागले की पेपरवाले येतात, फोटो निघतो, पुढारी नाकाला रुमाल लावून घाटावर उभा राहतो, अधिकारी बाटलीत पाणी भरून नेतात आणि आठ दिवसांत सगळं गार होतं. मेलेल्या माशाचं एवढं तरी होतं. पण जो मासा मेला नाही त्याचं काय? जो विष पिऊन, विष खाऊन, विष अंगात साठवून जिता राहिला, जाळ्यात आला, पाटीत पडला, बाजारात विकला गेला आणि आपल्या ताटात कोरड्यास होऊन आला, त्याची बातमी कुठल्या पेपरात छापून आली? दोस्तांनो, मी या जिवंत माशाबद्दल लिहितोय.

मी मुंबईच्या गोदीत माल उतरवतो, कविता लिहितो, मॅट्रिक झालोय. घर नांदेडचं, आजोळ लातूरकडं मांजराकाठचं. शास्त्रज्ञ नाही. पण विषाची ओळख मला गोदीनं करून दिली. विषारी माल आला की पिंपावर कवटीचं चित्र असतं. ज्याला अक्षर येत नाही त्यालाही ते कळतं. मुकादम ओरडतो, अरे हातमोजे घाल, तोंड बांध. शिसं, जस्त, तांबं यांचे ठोकळे येतात तर त्यांच्यामागं कागदांचा गठ्ठा येतो. कुठून आलं, किती वजन, कुणाचं, कुठं जाणार. म्हणजे या देशाला धातू मोजता येतो. ग्रॅमपर्यंत मोजता येतो. पैसा वसूल करायचा असेल तेव्हा येतो. तोच धातू गटारातून नदीत आणि नदीतून माशात गेला की मोजणाऱ्याचा काटा मोडतो. त्याच्यावर कवटीचं चित्र कोण काढणार?

आधी एक फरक डोक्यात पक्का करू. नदीतली घाण दोन जातीची. एक सडणारी, दुसरी न सडणारी. शहराचं मैलापाणी, खरकटं, निर्माल्य ही सडणारी घाण. ती वाईटच आहे, पण तिला जिवाणू खातात, काळ तिला खातो. शिसं सडत नाही. पारा कुजत नाही. कॅडमियमला किडा लागत नाही. एकदा नदीत पडला तो पडला. पाण्यातून गाळात, गाळातून किड्यात, किड्यातून माशात, माशातून माणसात. तांबं आणि जस्त जिवाला थोडं थोडं लागतंही, जास्त झालं की मारतं. शिसं, कॅडमियम, पारा यांची तर जिवाला कणभरही गरज नाही. ही सावकाराची घाण आहे. मुद्दल कधी फिटत नाही.

आता हा धातू माशाचं काय करतो ते बघा. मासा कल्ल्यानं श्वास घेतो. कल्ला म्हणजे तांबड्या कंगव्यासारखा, बारीक बारीक पाकळ्यांचा. धातूचं पाणी लागलं की कल्ला स्वतःला वाचवायला चिकट शेंबडासारखा पदार्थ सोडतो. त्यानंच त्या पाकळ्या बुजतात, सुजतात, एकमेकींना चिकटतात. पाण्यात हवा असून माशाला घेता येत नाही. तो वर येऊन तोंड उघडझाप करत राहतो. बघणाऱ्याला वाटतं मासा खेळतोय.

शिसं कॅल्शियमचं सोंग घेऊन हाडात आणि खवल्यात शिरतं. रक्त पातळ करतं. जास्त दिवस शिशाच्या पाण्यात राहिलेल्या माशाची शेपूट काळी पडते, मणका वाकतो. कॅडमियम यकृतात आणि मूत्रपिंडात घर करतं. मादीची अंडी कमी होतात, अंड्यातून निघालेलं पिल्लू अशक्त निघतं. अंगातली रोग झटकायची ताकद जाते, मग बुरशी धरते, जखमा चिघळतात. आणि तांब्याचं काम तर सगळ्यात चोरटं. मासा नाकावर जगतो. अन्न वासावरून, जोडीदार वासावरून, शत्रूही वासावरून. रोहू-कटल्याच्या कुळातल्या एखाद्या माशाची कातडी फाटली तर त्यातून एक द्रव्य सुटतं, त्याचा वास आला की बाकीचे सगळे पळतात. म्हणजे मरणारा मासा मरता मरता आपल्या भावकीला सावध करतो. पाण्यात अगदी थोडं तांबं वाढलं तरी हा वास येईनासा होतो. धोका समोर असतो आणि मासा निवांत असतो. हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला मासा कमी आणि आपल्या वस्त्या जास्त दिसल्या.

पाऱ्याची तऱ्हा वेगळी. तळाच्या गाळातले जिवाणू साध्या पाऱ्याचं जहाल रूप तयार करतात. मिथाइल पारा म्हणतात त्याला. तो बारीक किड्यात जातो, किडे खाणाऱ्या छोट्या माशात जातो, छोटे मासे गिळणाऱ्या मरळीत जातो. दर पायरीला वाढत जातो. पाण्यात दिसणार नाही एवढा पारा मोठ्या माशात कितीतरी पटीनं सापडतो. उतरंडीच्या टोकाला बसलेल्यात विष जास्त. पण त्या टोकाच्याही वर एक खाणारा बसलाय. तो आपण.

आणि आता खरी गोम ऐका. माशाचं शरीर मूर्ख नाही. धातू आत आला की यकृत एक प्रथिन तयार करतं. ते धातूला पकडतं, डांबून ठेवतं, बाकीच्या शरीराला वाचवतं. म्हणून मासा जगतो. जगतो म्हणून पकडला जातो. पकडला जातो म्हणून विकला जातो. त्यात आपल्याकडचं पाणी जड. दख्खनच्या काळ्या पाषाणातून झिरपलेलं, चुन्याचं. जड पाण्यात तांबं, कॅडमियम, जस्त यांचा कल्ल्याला बसणारा डंख बोथट होतो. हे चांगलंच आहे म्हणाल. चांगलं माशाला. पण त्याचा अर्थ असा की मराठवाड्यात मासा झटकन मरून आपल्याला इशारा देणार नाही. गाळातून आणि खाण्यातून धातू त्याच्यात जातच राहील आणि तो पोहतच राहील. म्हणून म्हणतो, मेलेला मासा हे आपल्या नदीचं माप नाही. मासा मेला नाही म्हणजे नदी ठीक आहे असं जो म्हणतो तो एकतर अडाणी आहे किंवा पगारी.

ताटाचंही राजकारण आहे. बरेचसे धातू माशाच्या मांसात कमी आणि कल्ल्यात, यकृतात, मूत्रपिंडात, हाडात जास्त साठतात. बाजारात मधल्या तुकड्याचा भाव वेगळा आणि डोक्याचा वेगळा. पैसेवाला मधले तुकडे घेऊन जातो. माझी माय संध्याकाळी बाजार उठायच्या वेळेला जायची आणि डोकी, शेपट्या, पोटातलं जे काही राहिलं असेल ते स्वस्तात आणायची. चिंच, तिखट घालून असं कोरड्यास करायची की आम्ही भावंडं भाकरीवर भाकर हाणायचो. तिला मी दोष देत नाही. तिनं जगवलं. दोष देतो त्या व्यवस्थेला, जिनं जनावराच्या फऱ्यापासून माशाच्या डोक्यापर्यंत नेहमी उरलेलं आमच्या वाट्याला ठेवलं आणि आता त्या उरलेल्यात शिसं घातलं. पारा मात्र मांसातच बसतो, तिथं श्रीमंताचीही सुटका नाही. आणि धुऊन, तळून, उकळून धातू जात नाही. माय कितीही सुगरण असली तरी.

हे नांदेड-लातूरला येतं कुठून? एका कारखान्याचं नाव घेऊन मोकळं व्हायला ही काही एका चोराची चोरी नाही. नांदेड शहर पिण्याचं पाणी घेतं वरच्या अंगाला, विष्णुपुरीच्या धरणातून. आणि आपलं गटार सोडतं खाली. घाटांवरून वाहणारी गंगा पुढं मुदखेड, उमरी, नायगाव, धर्माबाद, बिलोलीच्या शिवारात जाते. पिणारे वर, भोगणारे खाली. ही रचना आपल्याला नवी नाही, गावात पाणवठेही असेच वाटलेले होते. त्या गटारात फक्त मैला नसतो. गॅरेजचं तेल असतं. बॅटरीवाल्याचं ॲसिड असतं. मराठवाड्यात वीज जायची सवय, म्हणून दुकानात, दवाखान्यात, घरात इन्व्हर्टर आला. त्याची बॅटरी म्हणजे शिसं. ती जुनी झाली की भंगारात येते आणि भंगारात ती फोडतो कोण? आपलीच पोरं, उघड्या हातानं. सराफ्यात झारेकरी गटारातली माती धुऊन पाऱ्यानं सोन्याचे कण पकडतो. सोनं सराफाकडं परत जातं, पारा झारेकऱ्याच्या छातीत आणि नालीत. नदीत विष गेलं म्हणून या पोरांना पकडायला निघाल तर खबरदार. विष त्यांच्या हातातून गेलं असेल, नफा त्यांच्या हातात राहिला नाही.

मग एमआयडीसी आहे. मूर्तींचा रंग आहे. चमकदार रंगांत शिसं, क्रोमियम असतं म्हणून केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळानं २०१० साली विसर्जनाचे नियम काढले, २०२० साली ते कडक केले. शेतातून वाहून येणारं फॉस्फेट खत आहे, त्यात कॅडमियमचा अंश येतो. तांब्याची बुरशीनाशकं आहेत. नांदेडच्या वरच्या अंगाला, लातूरच्या शेजारी परळीचं औष्णिक वीज केंद्र आहे. त्याच्या राखेवर २०२४-२५ मध्ये केवढं राजकारण झालं ते सगळ्यांनी टीव्हीवर बघितलं. राख कोण उचलतो, कुणाच्या गाड्या, कुणाचा हप्ता, यावर रात्र रात्र चर्चा. कोळशाच्या राखेत शिसं, आर्सेनिक, पारा थोडा थोडा असतोच. राखेचा पैसा कुणाच्या खिशात गेला हे विचारलं, बरोबर केलं. राखेतला धातू कुणाच्या पोटात गेला हेही विचारायला पाहिजे होतं.

आणि लातूर. लातूरचं नाव घेतलं की देशाला पाण्याची रेल्वे आठवते. १२ एप्रिल २०१६ ला मिरजेहून पहिली गाडी पोचली, १० वाघिणी, ५ लाख लिटर. धनेगावचं मांजरा धरण कोरडं पडलेलं. त्या वर्षी सगळे विचारत होते, पाणी किती आहे. पाण्यात काय आहे हे विचारायची ऐपत तहानलेल्या माणसाला नसते. पण दुष्काळ आणि विष यांचं लग्न लागलेलं असतं. नदीचं पाणी आटतं, डबकं उरतं, धातू मात्र आटत नाही. तेवढ्याच डबक्यात मासे दाटीनं गोळा होतात, सहज पकडले जातात आणि स्वस्त विकले जातात. तळाची हवा संपली, किंवा पहिल्या पुरात गाळ ढवळला गेला, की गाळात कोंडलेला धातू परत पाण्यात येतो. तळाचा गाळ चाळून खाणारा मृगळ असतो, मधल्या पाण्यात रोहू, वरच्या पाण्यात कटला. एकाच नदीत तीन मजले. तळमजल्यावर राहणाऱ्याला गाळातलं विष पहिलं गाठतं. अजून काय सांगू?

आता सरकार काय मोजतं ते बघू. २०१८ साली केंद्रीय मंडळानं देशातले प्रदूषित नदीपट्टे मोजले. ३५१ निघाले. त्यातले ५३ महाराष्ट्रात, देशात सगळ्यात जास्त. गोदावरीचा पट्टा नाशिकच्या सोमेश्वरपासून आपल्या नांदेड जिल्ह्यातल्या राहेरपर्यंत. २०२२ साली परत मोजले. देशाचे कमी होऊन ३११ झाले, पुरोगामी महाराष्ट्राचे वाढून ५५ झाले. पण हे मोजमाप कशाचं? बीओडीचं. म्हणजे पाण्यातली सडणारी घाण खायला जिवाणूंना किती ऑक्सिजन लागतो त्याचं. लिटरला ३ मिलिग्रॅमच्या वर गेला की पट्टा प्रदूषित. हे माप मैल्यासाठी ठीक आहे. शिशासाठी, पाऱ्यासाठी नाही. उलट गंमत अशी की पाण्यात जहाल धातू असेल तर तो त्या परीक्षेतल्या जिवाणूंनाच मारतो. जिवाणू मेले, ऑक्सिजन कमी लागला, आकडा चांगला आला. विष जेवढं जास्त तेवढं सर्टिफिकेट स्वच्छ निघू शकतं! असा न्याय आपण याआधीही बघितलाय. साक्षीदार मेला की आरोपी सुटतो.

धातू मोजत नाहीत असं मी म्हणत नाही. केंद्रीय जल आयोगानं २०१८ साली भारतातल्या नद्यांमधल्या विषारी धातूंवर अख्खा अहवाल काढला. पिण्याच्या पाण्यात शिसं लिटरला ०.०१ मिलिग्रॅमच्या वर नको हा देशाचा नियम आहे. म्हणजे १ लाख लिटरमागं १ ग्रॅम. कॅडमियम ०.००३, पारा ०.००१. माशाच्या १ किलोत शिसं ०.३ मिलिग्रॅमच्या वर नको हाही नियम आहे. लहान लेकरांच्या रक्तातलं कितीही थोडं शिसं सुरक्षित नाही असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. नियम आहेत, यंत्रं आहेत, अहवाल आहेत. पण नांदेडच्या मासळी बाजारात किंवा लातूरच्या बाजारात, आज आलेल्या मरळीत काय आहे हे सांगणारा एक फलक मी आजवर बघितला नाही. नियम दिल्लीत राहतो, मासा गंजगोलाईच्या रस्त्यानं जातो. दोघांची गाठ पडत नाही.

मी एकदा नांदेडला सुटीवर असताना एका सरकारी कचेरीत गेलो होतो. नदीतल्या माशांची धातूसाठी तपासणी झालीय का, झाली असेल तर कागद दाखवा, एवढंच विचारायला. टेबलावरच्या साहेबानं विचारलं, ‘मासे मेलेत का?’ मी म्हणालो, ‘नाही साहेब, जिते आहेत.’ तर म्हणतो, ‘मग तुमची तक्रार काय आहे? मेले की या. पंचनामा करू.’ शेजारचा कारकून हसला. मी नाही हसलो. या एका वाक्यात सगळं राज्य बसलंय. जिवंत आहे तोवर त्याची नोंद नाही. मेल्यावर पंचनामा, मेल्यावर मदत, मेल्यावर चौकशी. माशाचं सोडा, माणसाचं तरी वेगळं काय चाललंय?

आता विद्यापीठवाल्या मित्रांशी भांडायचंय. ज्या मराठवाड्यात एका विद्यापीठाच्या नावासाठी माणसं जाळली गेली, त्या मराठवाड्यात १९९४ साली नामविस्तार झाला आणि त्याच वर्षी नांदेडला स्वामी रामानंद तीर्थ विद्यापीठही उभं राहिलं. लातूर जिल्ह्यात उदगीरला तर खास मासे शिकवणारं सरकारी मत्स्य विज्ञान महाविद्यालय आहे. आपली पोरं, आपल्या पोरी तिथं शिकतात. प्राणिशास्त्रात मासा आणि धातू हा जुना आवडता विषय. काचेच्या टाकीत मासे सोडायचे, त्यात पाऱ्याचं, कॅडमियमचं मीठ घालायचं आणि ९६ तासांत निम्मे मासे किती मात्रेला मरतात ते बघायचं. मरणाचा आकडा काढायचा, इंग्रजीत प्रबंध लिहायचा, पदवी घ्यायची. मी या कामाला हसत नाही. कल्ल्याचं, यकृताचं जे वर लिहिलं ते असल्याच कामातून जगाला कळलंय. पण मित्रा, तुझी टाकी ९६ तासांची आणि आमची नदी जन्माची. टाकीत मेलेल्या माशावर तू डॉक्टर झालास, आता नदीतल्या जित्या माशाकडं ये. बाजारातून मासा घे, त्याचं मांस, यकृत, कल्ले वेगळे कर, वाळव, ॲसिडात विरघळव, यंत्राच्या ज्योतीत धर. प्रत्येक धातू आपापल्या रंगाचा प्रकाश पितो, किती प्याला त्यावरून किती धातू ते कळतं. हे तुला येतं. आलेला आकडा मराठीत लिही आणि भोयाच्या वस्तीत वाचून दाखव. तुझ्या शिक्षणाचा खर्च ज्यांच्या घामातून निघाला त्यांना एवढं देणं लागतोस.

एक शहाणा नेहमी उठतो आणि म्हणतो, एवढं आहे तर मासे खाऊ नका. सोपं आहे त्याला. त्याच्या घरी डाळ आहे, दूध आहे, पनीर आहे. आमच्याकडं मासा म्हणजे स्वस्तातलं अंगात भरणारं अन्न, आणि भोयाच्या घरी तो चूल आणि धंदा दोन्ही. कॅनडात ग्रासी नॅरोज म्हणून तिथल्या आदिवासींची वस्ती आहे. १९६२ ते १९७० वरच्या अंगाच्या एका कारखान्यानं नदीत टनांनी पारा सोडला. १९७० ला सरकारनं धंद्याची मासेमारी बंद केली. कारखान्यावर नाही, जाळ्यावर बंदी! विषही त्यांनीच खाल्लं आणि रोजगारही त्यांचाच गेला. जपानात मिनामाताला एका रासायनिक कारखान्यानं १९३२ ते १९६८ समुद्रात पाऱ्याचं पाणी सोडलं. आधी मासे तरंगले, मग मासे खाणारी मांजरं वेड्यासारखी नाचून मेली, मग १९५६ साली कोळ्यांच्या लेकरांचा आजार सरकारी कागदावर आला. कंपनीच्या डॉक्टरनं १९५९ लाच मांजरावर प्रयोग करून कारखान्याचं पाणी विषारी आहे हे ओळखलं होतं. कंपनीनं ते दाबलं. सरकारनं कबूल केलं १९६८ ला. आणि मधल्या काळात आजारी कोळ्यांनाच शेजारपाजाऱ्यांनी वाळीत टाकलं, त्यांना हात लावायला लोक भ्यायले. अस्पृश्यता काही फक्त आपल्याकडंच जन्मत नाही, जिथं नफा वाचवायचा असतो तिथं ती नव्यानं पैदा होते. म्हणून आपल्या बाजूनं पहिली ओळ स्वच्छ लिहून ठेवू. मासा आरोपी नाही, साक्षीदार आहे. कोळी, भोई, मासे विकणारी बाई आरोपी नाही. जाळ्यावर बंदी नको, नाल्यावर बंदी पाहिजे.

ही मिनामाता लांब वाटत असेल तर आपलीच मांजरा बघा. बीडच्या डोंगरात उगवून, लातूर ओलांडून ती कर्नाटकात आणि पुढं तेलंगणात जाते. तिथं हैदराबादजवळ पाटनचेरूला औषधांचे आणि रसायनांचे कारखाने उभे राहिले. त्यांचं पाणी नक्कावागू ओढ्यातून मांजरेतच उतरलं. विहिरी गेल्या, शेतं गेली, १९९० साली प्रकरण सुप्रीम कोर्टात गेलं. उद्योग येऊ द्या, पोरांना काम मिळेल, असंच तिथल्या गावांनाही सांगितलं होतं. मी कामगार आहे, मला कारखाना पाहिजे. पण भाकर देऊन कालवणात विष घालणारा कारखाना नको. ही अट घालणं म्हणजे विकासाला विरोध नव्हे.

वरून धर्माचं सोंग. नांदेडला गोदावरीला गंगा म्हणतात, माय म्हणतात. आरती होते, दिवे सोडतात, ओटी भरतात. मायची पूजा घाटावर आणि मायच्या तोंडात गटार दोनशे पावलांवर. मला नदीला माय म्हणायला लावू नका. नदी हे पाणी आहे, माणसांचं आणि माशांचं, आणि ते स्वच्छ मिळणं हा हक्क आहे. २० मार्च १९२७ ला महाडला चवदार तळ्याचं पाणी ओंजळीत घेऊन आपल्या बापजाद्यांनी हाच हक्क सांगितला होता. तेव्हा लढाई पाण्याला हात लावायची होती. आज हात लावायला कुणी अडवत नाही. आजची लढाई त्या पाण्यात काय आहे हे कळायची आहे.

कायद्याचं म्हणाल तर पाणी प्रदूषणाचा कायदा १९७४ चा. नदीत विषारी घाण सोडणाऱ्याला दीड ते सहा वर्षं कैद लिहिलेली होती. २०२४ साली संसदेनं दुरुस्ती करून ती कैद काढली आणि १० हजार ते १५ लाख रुपये दंड ठेवला. आधी हिमाचल, राजस्थान आणि केंद्रशासित प्रदेशांना लागू, बाकी राज्यांनी ठराव करून घ्यायची. भाकरी चोरणाऱ्याला कोठडी, नदी मारणाऱ्याला पावती. १५ लाख ही मोठ्या कारखानदाराला शिक्षा नाही, भाडं आहे.

मग करायचं काय? मोर्चा काढू तेव्हा काढू, आधी हातात कागद पाहिजे. मागणी साधी आहे. नांदेड आणि लातूरच्या बाजारातला मासा दर तिमाहीला तपासा. निदान चार जाती घ्या, तळाचा मृगळ, मधला रोहू, मासे खाणारी मरळ आणि सगळ्यात स्वस्त चिलापी. मांसाचा आकडा वेगळा, यकृत-कल्ल्याचा वेगळा, कारण गरीब काय खातो तेही मोजलं पाहिजे. नाल्याच्या तोंडाचा गाळ तपासा, म्हणजे विष कुठून येतं ते कळेल. आकडा मराठीत, मोठ्या अक्षरात, घाटावर आणि बाजारात लावा. आकडा वाईट आला तर मासेमारांना नुकसानभरपाई द्या आणि ती विष सोडणाऱ्याकडून वसूल करा. बॅटरी फोडणाऱ्या पोरांची आणि झारेकऱ्यांची रक्ततपासणी फुकट करा, त्यांना पकडू नका. परळीच्या राखेतला आणि आसपासच्या ओढ्यांतला धातू मोजा.

सरकार करील याची वाट बघत बसायचं नाही. शहरातल्या दोस्तांनो, तुमच्यात कुणी केमिस्ट्रीला आहे, कुणी प्राणिशास्त्राला, कुणी वकिली शिकतोय, कुणी फक्त सायकल चालवू शकतो. सायकलवाल्यानं नाल्यांचा नकाशा काढावा, कुठला नाला कुठून येऊन गंगेला मिळतो. वकिलानं माहिती अधिकाराचा अर्ज टाकावा, मागच्या पाच वर्षांत माशांची तपासणी कितीदा झाली, निकाल द्या. बाकीच्यांनी चार मासे विकत घ्यावेत, बर्फात घालून उदगीरला, नांदेडला प्रयोगशाळेच्या दारात न्यावेत आणि तपासायला द्यावेत. नाही म्हणाले तर तेही लिहून मागावं, तारीख आणि शिक्क्यासकट.

नांदेडची गोदावरी आणि लातूरची मांजरा या दोन्ही शेवटी तेलंगणाच्या हद्दीत कंदकुर्तीला मिळतात. त्याच्या थोडं वर धर्माबादजवळ बाभळीचा बंधारा आहे. पाणी कुणाचं यावर दोन राज्यं सुप्रीम कोर्टापर्यंत भांडली, २०१३ ला निकाल लागला, आता १ जुलै ते २८ ऑक्टोबर दरवाजे उघडे ठेवतात. पाण्याच्या थेंबाथेंबाचा हिशोब झाला. त्याच दरवाजातून गाळ जातो, गाळातला धातू जातो, मासे जातात. त्याच्यासाठी अजून कुणी कोर्टात भांडलं नाही. पाणी सगळ्यांना पाहिजे, विष कुणाचंच नाही.

विषाला मालक असतो. त्याचं नाव शोधायचंय. आणि साक्षीदार अजून जिवंत आहे, तोवरच शोधायचंय.